सहा महिन्यांचा पॅरालीगल अभ्यासक्रम : पुस्तक अमेरिकेचे, दप्तर खान्देशचे

अमळनेरला एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयात मी चार वर्षांपासून काम करते. दाव्याचे टाईपिंग तपासणे, वकीलपत्रावर कोर्ट फी आणि वेल्फेअरचे तिकीट लावणे, तारखा डायरीत उतरवणे, नक्कल विभागात अर्ज टाकून नक्कल कधी मिळेल याची चौकशी करत राहणे, असे हे काम आहे आणि गावात त्याला ‘वकिलांकडची ताई’ यापलीकडे नाव नाही. ते नाव मिळावे आणि जमल्यास एखाद्या शाखेत हात बसावा, या हेतूने मी जळगावातील एका खासगी संस्थेचा ‘विशेष प्रावीण्यासह पॅरालीगल’ (पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या देखरेखीखाली कायदेशीर कामात मदत करणारा) हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. शुल्क अठरा हजार रुपये, दोन हप्त्यांत. तासिका शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर. शिवाय अमळनेर ते जळगाव रेल्वेचा खर्च वेगळा. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण जवळजवळ तेच माहितीपत्रक मला नंतर आणखी दोन शहरांतल्या संस्थांकडेही पाहायला मिळाले, तेव्हा हा एका दुकानाचा दोष धरण्यापेक्षा त्या मालाविषयीच लिहिलेले बरे.

माहितीपत्रकावर दहा ‘करिअर स्पेशलायझेशन’ छापलेली होती : लिटिगेशन, कॉर्पोरेट, बौद्धिक संपदा, इमिग्रेशन, बँकरप्सी, प्रोबेट (मृत्युपत्राची न्यायालयीन मान्यता), रिअल इस्टेट, फॅमिली, क्रिमिनल आणि ई-डिस्कव्हरी (दाव्यासाठी इलेक्ट्रॉनिक माहिती शोधून सादर करणे). पहिल्याच रविवारी दिलेले जाड पुस्तक उघडल्यावर ही यादी कुठून आली ते कळले. अमेरिकेत पॅरालीगल हा खरोखरच रुळलेला व्यवसाय आहे. तिथल्या ‘नाला’ या संघटनेची स्थापना १९७५ची आणि तिची प्रमाणपत्र परीक्षा १९७६पासून चालू आहे. तिथे दिवाळखोरीचे काम करणारा पॅरालीगल वर्षानुवर्षे फक्त दिवाळखोरीचेच अर्ज भरतो, इमिग्रेशनचा माणूस फक्त व्हिसाचे कागद पाहतो. इतके असूनही सर्वसाधारणपणे तो पक्षकाराला कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही, फी ठरवू शकत नाही आणि न्यायालयात उभा राहून बोलू शकत नाही. जे करायचे ते वकिलाच्या देखरेखीखाली. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने मात्र २००७पासून पॅरालीगलना परवाना देण्यास सुरुवात केली आणि ते लहान रकमांच्या दाव्यांत स्वतः हजर राहू शकतात. पुस्तकात हे सगळे नीट दिलेले आहे आणि वाचायलाही चांगले आहे. खटकले ते असे, की त्यानंतरच्या पानावर ‘भारतात’ असा शब्द घालून तीच वाक्ये पुन्हा छापली होती.

भारतात परिस्थिती वेगळी आहे आणि प्रवेश घेण्यापूर्वी ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१नुसार वकिली करण्याचा हक्क फक्त सनदधारक वकिलाचा आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात न्यायालय दुसऱ्या व्यक्तीला हजर राहण्याची परवानगी देऊ शकते, पण तो अपवाद झाला. पॅरालीगल नावाचा परवाना, नोंदवही किंवा परिषद आपल्याकडे नाही. कायद्याच्या चौकटीत ज्याला स्पष्ट जागा आहे तो म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाचा पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी स्वयंसेवक. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, आणि स्वयंसेवकांची योजना राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९मध्ये आणली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी, विधीचे विद्यार्थी, इतकेच काय दीर्घ शिक्षा भोगणारा चांगल्या वर्तणुकीचा कैदीसुद्धा त्यात निवडला जाऊ शकतो. त्याला कामाच्या दिवसाचे मानधन मिळते, लोकांकडून एक रुपयाही घेता येत नाही. संस्थेच्या समुपदेशकाने प्रवेशाच्या वेळी मला ‘आमचे प्रमाणपत्र सरकारमान्य समजा’ असे सांगितले होते. हे ‘समजा’ मी तेव्हाच नीट ऐकायला हवे होते.

एवढे वाचून हा अभ्यासक्रम निव्वळ फसवणूक आहे असे वाटेल, पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अठरा हजारांपैकी निम्मे तरी माझे वसूल झाले आणि ते झाले वेळापत्रकात ‘रिअल इस्टेट’ असे नाव असलेल्या रविवार दुपारच्या तासिकेमुळे. ही तासिका घेणारे गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झालेले होते. पहिल्या दिवशी त्यांनी ते जाड पुस्तक टेबलाच्या कडेला सारले आणि कापडी पिशवीतून एका गावच्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांच्या छायाप्रती काढल्या. नावांवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. त्यांनी आम्हाला विचारले, “यात आधी काय वाचाल?” सगळ्यांनी खातेदाराचे नाव म्हटले. ते म्हणाले, “नाव नंतर. नावाशेजारी वर्तुळात आकडा आहे, तो आधी वाचा.” तो आकडा म्हणजे फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक. नाव त्या जागी कोणत्या नोंदीने आले हे तो सांगतो, आणि नावाला कंस केलेला असेल तर ते कोणत्या नोंदीने गेले हेही त्याच्यामागे जाऊनच कळते. चार वर्षे सातबारे हाताळूनही मी वर्तुळाकडे कधी लक्ष दिले नव्हते, हे कबूल करायला हवे.

त्या कागदांत एक घराणे होते. आजोबा वारल्यावर गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, वारसांची नोंद झाली आणि सातबाऱ्यावर थोरल्या मुलाचे नाव लागले, पुढे तीन अक्षरे : ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही जमीन त्याची एकट्याची नाही, तो सगळ्यांच्या वतीने आहे, एवढे त्या तीन अक्षरांत साठवलेले असते. पुढे काही वर्षांनी सातबाऱ्याचे पुस्तक नव्याने लिहिले गेले आणि लिहिणाऱ्याने नाव उतरवले, अक्षरे उतरवली नाहीत. मग सोसायटीच्या कर्जाचा बोजा एकट्याच्या नावावर चढला, तो वारल्यावर त्याच्याच मुलांची वारस नोंद झाली, आणि धाकटे दोन भाऊ व तीन बहिणी कागदावरून नाहीशा झाल्या. कोणी काही लबाडी केली असेलच असे नाही. कदाचित एका दुपारी कंटाळलेल्या हाताने तीन अक्षरे गाळली, एवढेच झाले असेल. आम्ही सगळ्यांनी ‘वाटपाचा दावा लावावा’ असे उत्तर दिले. सरांनी आम्हाला थांबवून आधी वर्षावार फेरफार लावायला बसवले : अक्षरे ज्या वर्षी गेली त्या वर्षी तशी काही नोंद मंजूर झालेली आहे का? नसेल तर तो लेखनदोष, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. नोंद मंजूर झालेली असेल तर मात्र प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, त्याची मुदत ६० दिवस, आणि मुदत गेली असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबत. मालकीचाच वाद असेल तर अर्थातच दिवाणी न्यायालय, कारण महसुली नोंद खरी आहे असे कलम १५७ गृहीत धरते ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. या तीन वाटांपैकी कोणती घ्यायची हे वकील ठरवतात. परंतु कोणती उघडी आहे हे कागद लावणाऱ्यालाच आधी दिसते. पॅरालीगलचे विशेष प्रावीण्य म्हणतात ते याला, असे माझे मत तिथे झाले.

बहिणींचा प्रश्न त्यांनी वेगळा घेतला. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वाटा देण्यासाठी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात २२ जून १९९४ रोजी केलेली दुरुस्ती त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ची. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की मुलीचा सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील वाटेकरी, म्हणून हक्क जन्माने आहे, २००५मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. आमच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला येणाऱ्या बहिणींची संख्या पाहता या तीन तारखा मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. त्याच ओघात बँकेसाठी करायचा मालकीचा ३० वर्षांचा शोध कसा घ्यावा, दुय्यम निबंधकांकडील इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आणि फेरफार एकमेकांशी कसे पडताळावे, खरेदीखतातील चतुःसीमा मोजणीच्या नकाशाशी जुळते का, हेही शिकवले गेले. आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, पण त्यावर मिळते ती आजची स्थिती. मागे जायचे तर अभिलेख कक्षातील धूळ खावीच लागते.

खान्देशासाठी आणखी एक इशारा त्यांनी दिला. नंदुरबार जिल्ह्यात, साक्री आणि शिरपूरकडे, चोपडा-यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याला शोध घेताना जमीन मूळची आदिवासी खातेदाराची होती का हे पाहिल्याशिवाय अहवालावर सही होऊ देऊ नये. महसूल संहितेचे कलम ३६ आणि १९७४मध्ये आलेले ३६-अ यांच्यामुळे अशा जमिनीचे बिगर आदिवासीकडे हस्तांतर परवानगीशिवाय होत नाही, आणि मधल्या एखाद्या खरेदीखतात ती परवानगी नसेल तर पुढची सगळी साखळीच लटकते. अमेरिकेच्या पुस्तकातील ‘टायटल एक्झामिनर’ हा मनुष्य हेच करतो, असे सर हसून म्हणाले. फक्त त्याला भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित करता न येणारा धारक, हा शब्द माहीत नसतो.

याच्या अगदी उलट अनुभव लिटिगेशनमध्येच मोडणाऱ्या ‘पर्सनल इंज्युरी’ या शाखेचा आला. आपल्याकडे त्याचा अर्थ मोटार अपघात दावे, आणि खान्देशात ही शाखा मोठी आहे, कारण मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि सुरत–नागपूर पुढे जळगाव जिल्ह्यातून भुसावळपर्यंत भर वस्तीजवळून जातो. तासिका घेणारे तरुण वकील चांगले बोलत होते, पण संस्थेने वाटलेली टिपणे जुनी होती. त्यांत भरपाईचा हिशेब १९९४मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीच्या तक्त्याने करून दाखवला होता आणि ‘दाव्यास मुदतीचे बंधन नाही’ असे ठळक अक्षरांत छापले होते. वस्तुतः २०१९च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा कायद्यात आली आणि ती १ एप्रिल २०२२पासून लागू झाली. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले हा भाग वेगळा. पण कारकुनाने टिपणावर विसंबून फाईल वर्षभर कपाटात ठेवली तर नुकसान विधवेचे होणार. मी ही चूक लेखी कळवली, तेव्हा ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ असे उत्तर आले.

हिशेब खरा कसा करतात हे मला आमच्या वकीलसाहेबांनी नंतर शिकवले, आणि ते इथे देते, कारण या शाखेत शिरणाऱ्याला दुसरे काही आले नाही तरी एवढे यायला हवे. समजा, ३४ वर्षांचा स्वतःचा टेम्पो चालवणारा माणूस गेला, महिन्याची मिळकत १२,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. प्रणय सेठी या २०१७च्या निकालानुसार ४० वर्षांखालील स्वयंरोजगारी माणसाच्या मिळकतीत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे १६,८०० रुपये, वर्षाचे २,०१,६००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा करायचा : १,५१,२००. सरला वर्मा या २००९च्या निकालातील तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक १६. म्हणजे २४,१९,२०० रुपये, आणि त्यावर अंत्यविधी वगैरे ठरावीक बाबींची रक्कम. वय ३६ दाखवले तर गुणक १५ होतो आणि दीड लाखावर रक्कम कमी होते. म्हणूनच शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांतील जन्मतारखांचा फरक आधीच शोधून वकिलांच्या नजरेस आणणे, हे पॅरालीगलचे काम. मिळकतीचा पुरावा म्हणून टेम्पोच्या कर्जाच्या हप्त्यांचे बँक पुस्तकही चालून जाते. ते घरात पत्र्याच्या पेटीत असते आणि मागितल्याशिवाय कोणी आणत नाही. या शाखेत सरकारी दवाखान्याच्या दाराशी उभे राहून टक्केवारीवर दावे गोळा करणारी माणसेही आहेत, आणि आमच्या तुकडीतील दोघांना त्याचेच आकर्षण होते. निकालाच्या रकमेत हिस्सा घेणे वकिलालाही निषिद्ध आहे, मग त्याच्या मदतनिसाचे काय बोलावे!

अभ्यासक्रमात नसलेली आणि तरीही मला सर्वांत उपयुक्त वाटलेली शाखा एका पाहुण्या व्याख्यानात दोन तासांपुरती आली. नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडून आलेल्या, विधी स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एक ताई वनहक्क दाव्यांविषयी बोलल्या. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर हक्क मान्य होतो, मर्यादा चार हेक्टर. दावा प्रथम ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हा समिती. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हे सगळे कोणत्याही पुस्तिकेत मिळेल. ताईंनी दाखवला तो प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कपटा : वन विभागाने कित्येक वर्षांपूर्वी अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती. ज्या कागदाने त्या कुटुंबाला गुन्हेगार ठरवले होते तोच आज ‘त्या तारखेला तो माणूस तिथे कसत होता’ याचा सरकारी पुरावा झाला. त्या म्हणाल्या की पाड्यावर लोक ही पावती लपवतात, दाखवत नाहीत, कारण त्यांना वाटते की पुन्हा दंड होईल. म्हणून ती मागण्याआधी अर्धा दिवस बसून बोलावे लागते. सोबत गावातील वृद्धाचे निवेदन जोडले की नियमांना हवे असलेले दोन पुरावे होतात. दावा फेटाळताना ‘पुरावा अपुरा’ एवढेच दोन शब्द लिहून चालत नाही, कारणे लेखी कळवावी लागतात आणि त्याविरुद्ध ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते, हेही त्यांनी एका खऱ्या आदेशाची प्रत फिरवून दाखवले. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे गेली ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथल्या पुनर्वसनाच्या फायलींवर आजही अशाच माणसांची गरज आहे. या शाखेत पैसा नाही, मानधन आहे, तेही वेळेवर मिळेल असे नाही. पण इंग्रजी माहितीपत्रकात जिला नावसुद्धा नाही अशी ही शाखा शिकायला नंदुरबारइतकी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

बाकीच्या शाखांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. इमिग्रेशन आणि बँकरप्सी यांवर आठ रविवार गेले. त्यांतील एकाही अर्जाचा मला कधी उपयोग होईल असे वाटत नाही. बौद्धिक संपदेच्या तासिकेत पेटंटवर इतका वेळ गेला की जळगावची केळी आणि जळगावचे भरीत वांगे या दोन्हींना २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मानांकनाची नोंदणी दहा वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि शेतकऱ्याला ते नाव अधिकृतपणे वापरायचे असेल तर वेगळी नोंदणी करावी लागते, हे सांगायला वेळच उरला नाही. वर्गात रावेरकडचे दोन केळी उत्पादकांचे मुलगे बसलेले होते! ग्राहक आयोगाचा उल्लेखही ओझरता झाला. वास्तविक तिथे तक्रारदार वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडू शकतो, तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि वस्तू किंवा सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पीकविम्याच्या आणि पतसंस्थांतील ठेवींच्या तक्रारींनी भरलेल्या आपल्या भागात नीट तक्रार लिहून देणाऱ्या माणसाला काम कमी पडणार नाही. पुण्या-मुंबईतील लीगल आउटसोर्सिंग कंपन्यांसाठी करार वाचण्याचे काम हा एक खरा पर्याय आहे, आणि ई-डिस्कव्हरीचा धडा त्यासाठीच होता : अमेरिकेच्या दिवाणी नियमांत १ डिसेंबर २००६पासून इलेक्ट्रॉनिक माहितीची तरतूद आली आणि त्यातून ही शाखा फोफावली. मात्र ते काम इंग्रजीवर हुकमत असणाऱ्याचे आहे, आणि शिकवणारे व्हिडिओ लावून बाहेर चहाला जात.

संगणक कक्षाविषयी तक्रार आहेच. अकरा यंत्रांपैकी चार चालू असत, मे महिन्यात पंखा एकच, आणि जळगावचा मे काय असतो ते सांगायला नको. तरीही तिथे एक गोष्ट हाताने करायला मिळाली, ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. १ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-बच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले; प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिचा ओळखआकडा, लिहावी लागते. मोबाईलमधील ध्वनिमुद्रणाची हॅश काढून, नंतर त्याच फाईलमधील एक सेकंद कापून पुन्हा काढली, तेव्हा आकडा पूर्ण बदललेला पाहून वर्गात सगळे गप्प झाले. मात्र फौजदारीच्या टिपणांत कलमे अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचीच होती : पोटगी १२५, फिर्याद १५४. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अनुक्रमे १४४ आणि १७३ आहेत, आणि नव्या अर्जावर जुने कलम टाकले की शिरस्तेदार तो परत करतात, हा अनुभव मला परीक्षेच्या आधीच आलेला होता.

एका बाबीकडे या अभ्यासक्रमाने अजिबात लक्ष दिले नाही, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. प्रमाणपत्र मिळाल्याच्या आठवड्यात पारोळ्याकडची एक म्हातारी कार्यालयात आली. वकीलसाहेब न्यायालयात होते. तिने सातबारा माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, “ताई, मन्हं काम व्हई का नही, ते सांग.” मी वर्तुळातील आकडा पाहिला, फेरफार कुठे अडला असेल याचा अंदाजही आला, आणि उत्तर ओठांवर आले होते. ते देणे म्हणजे सल्ला, आणि सल्ला देण्याचा अधिकार माझा नाही. मी तिला कोणत्या तीन नकला लागतील त्या लिहून दिल्या आणि साहेब येईपर्यंत बसवून घेतले. ‘माहिती’ कुठे संपते आणि ‘सल्ला’ कुठे सुरू होतो, हा पॅरालीगलच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. अमेरिकेच्या पुस्तकात त्यावर एक पूर्ण प्रकरण होते आणि नेमके तेच आमच्याकडे ‘परीक्षेसाठी नाही’ म्हणून वगळले गेले.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी अडीच देईन, आणि त्यातले दोन रविवार दुपारच्या तासिकेचे. आधीपासून वकिलाकडे, दस्तलेखकाकडे किंवा बँकेच्या पॅनेलवरील शोध घेणाऱ्याकडे काम करणाऱ्याला हा अभ्यासक्रम उपयोगी पडेल, कारण सोमवारी त्याला तोच कागद हातात घ्यायचा असतो. माझ्यापुरते सांगायचे तर शोध अहवालाचे काम आता आमच्या कार्यालयात माझ्याकडे आले आहे आणि प्रत्येक शोधामागे ठरावीक रक्कम वेगळी मिळते. बारावी किंवा पदवीनंतर थेट नोकरी मिळेल या आशेने येणाऱ्याने मात्र पैसे भरू नयेत. ‘प्लेसमेंट’ म्हणून आमच्या तुकडीला ज्या तीन मुलाखती मिळाल्या त्यांपैकी दोन विमा विकण्याच्या होत्या. ज्याला पैशांपेक्षा काम पाहायचे आहे त्याने जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचारावे. तिथले प्रशिक्षण विनामूल्य असते. घरी बसून करायचे असेल तर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसमधील पदविका अभ्यासक्रमही तपासून पाहावा.

आणि तरीही याच संस्थेत जायचे ठरले, तर पहिला हप्ता भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : टिपणे कोणत्या वर्षी सुधारली, आणि रविवारची दुपारची तासिका कोण घेणार. आमचे सर पुढच्या तुकडीला शिकवणार नाहीत असे ऐकते. मानधनावरून काही बोलणे झाले म्हणे. ते खरे असेल तर माझे अडीच गुण अर्ध्यावर आणावेत.